पंख्याची घसरण आणि कर्माचा दोष

फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा इंग्लंडमधला गुरं-मेंढ्या पाळणारा शेतकरी. होड्यांच्या प्रतिकृती करण्याचा नाद मात्र लहानपणापासूनचा. १८३६ च्या मे महिन्यात त्याने होडी ढकलणाऱ्या स्क्रूचं पेटंट घेतलं आणि वर्ष संपायच्या आत सहा अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन बसवलेली होडी लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात उतरवली. तिचा स्क्रू लाकडी होता, पूर्ण दोन आट्यांचा. हिशेब सरळ वाटत होता: आटे जितके जास्त, तितकी पाण्यावरची पकड घट्ट. फेब्रुवारी १८३७ मध्ये एका फेरीत हा स्क्रू मोडला. एक आटा गेला, एक उरला. आता होडी रखडायला हवी होती. ती उलट सुसाट सुटली. ताशी चार मैलांची चाल आठ मैलांवर गेली.

हा किस्सा नशिबाचा खेळ म्हणून सांगितला जातो. खरं तर त्यात एका गृहीतकाचा पराभव आहे. स्मिथच्या डोळ्यांसमोर लाकडात शिरणारा स्क्रू होता. लाकूड जागचं हलत नाही, म्हणून दर फेऱ्याला स्क्रू आट्याच्या अंतराएवढा पुढे सरकतो, ना कमी ना जास्त. पाणी असं उभं राहत नाही. ढकललं की ते मागे जातं, फिरवलं की फिरतं, आणि जास्तीचा आटा त्याला नुसता घासत बसतो. याला आता पावणेदोनशेहून अधिक वर्षं झाली, तरी वेगवान बोटीच्या आउटबोर्ड इंजिनाला पंखा निवडायला बसलेला माणूस बहुधा त्याच गृहीतकापासून सुरुवात करतो. मग त्याची जी निराशा होते, तिच्या तळाशी तंत्रापेक्षा फार जुना प्रश्न असतो: योजलेलं आणि घडलेलं यांच्यात तूट पडते, तो कुणाचा दोष?

उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या तळ्यांवर मासेमारीच्या स्पर्धांत दिसते तसली अठरा फुटी फायबरची बोट घेऊ. मागच्या फळीवर मर्क्युरीचं १५० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड: तीन लिटरचं, चार सिलिंडरचं, वजनाला दोनशे किलोंच्या थोडं वर. पूर्ण थ्रॉटलला इंजिन मिनिटाला ५,००० ते ५,८०० फेऱ्यांच्या दरम्यान राहावं, असं कंपनी सांगते. गिअरचं प्रमाण १.९२, म्हणजे इंजिनाचे जवळपास दोन फेरे होतात तेव्हा पंख्याचा एक होतो. पंख्याच्या तुंब्यावर १९ हा आकडा ठोकलेला असतो. हे त्याचं पिच, इंचांत. पाणी लाकडासारखं असतं तर पंखा एका फेऱ्यात ४८ सेंटिमीटर पुढे गेला असता. गुणाकार केला की ५,८०० फेऱ्यांना ताशी साडेसत्त्याऐंशी किलोमीटर निघतात. मालक पहाटेच्या शांत पाण्यावर बोट काढतो, थ्रॉटल शेवटपर्यंत पुढे लोटतो, टॅकोमीटर ५,८०० ला टेकतो आणि जीपीएसवर आकडा येतो समजा एकोणऐंशी.

साडेआठ किलोमीटर गेले कुठे?

या धंद्यातली माणसं या तुटीला स्लिप म्हणतात, आपण घसरण म्हणू. इथे ती दहा टक्क्यांच्या जरा आत आहे आणि अशा बोटीला हा आकडा चांगलाच मानला जातो. जड बोटीत ती वीसच्याही पुढे जाते. पण मालकाला तेवढ्याने समाधान नसतं. विकणाऱ्याने फसवलं असेल, इंजिन ढिलं असेल, पंखा बोगस असेल, अशी यादी सुरू होते. जग हिशेबाला कमी पडलं की आरोपी शोधायचा ही माणसाची जुनी खोड. त्यावर अख्खी धर्मशास्त्रं उभी राहिली आहेत: कुणी निर्मात्याला जाब विचारला, कुणी पूर्वजन्मीच्या कर्माला.

इथे मात्र आरोपीच नाही. पंख्याचं पातं विमानाच्या पंखासारखं काम करतं. ते पाण्याला किंचित तिरकं भेटलं तरच एका बाजूला दाब वाढतो, दुसऱ्या बाजूला घटतो आणि रेटा निर्माण होतो. पंखा दर फेऱ्याला बरोबर पिचइतका पुढे गेला, तर पातं पाण्याला तिरकं भेटणारच नाही; सुरीने कापावं तसं नुसतं आरपार जाईल. मागे पाणी ढकललं गेलं नाही, तर बोट पुढे जायची कशाच्या जोरावर? म्हणजे घसरण ही रेट्यातून वजा होणारी गोष्ट नाही, रेट्याची ती अटच आहे. आपल्या बोटीला शून्य घसरण आहे असं छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात. त्यांचा स्पीडोमीटर तपासावा, किंवा पात्याची मागची कड. त्या कडेला बारीक मुरड दिलेली असली की पंखा प्रत्यक्षात ठोकलेल्या आकड्यापेक्षा मोठ्या पिचसारखा वागतो आणि कागदावरची घसरण नाहीशी होते. पाण्यातली होत नाही.

इमॅन्युएल कांटने १७८१ च्या आपल्या ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक कबुतर उडवलं आहे. हवा कापत जाताना तिचा अडथळा जाणवून ते मनाशी म्हणेल, ही हवाच नसती तर किती सहज उडता आलं असतं! कांटचा रोख प्लेटोवर होता. इंद्रियांचं जग अडचणीचं म्हणून प्लेटो ते सोडून शुद्ध कल्पनांच्या पोकळीत निघाला आणि तिथे पाय रोवायला काहीच उरलं नाही, असा त्याचा आक्षेप. आउटबोर्डच्या मालकाची तक्रार नेमकी त्या कबुतराची आहे. त्याला न सरकणारं पाणी हवं, पण त्यातून बोट मात्र सरकायला हवी.

हाच मुद्दा गीतेच्या अठराव्या अध्यायात दुसऱ्या अंगाने येतो. सहजप्राप्त कर्म सदोष असलं तरी टाकू नये, कारण आग जशी धुराने तसे सगळेच आरंभ दोषाने वेढलेले असतात, असं तिथे सांगितलं आहे. संदर्भ वर्णाने नेमून दिलेल्या कर्मांचा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. आजचा वाचक त्या चौकटीशी भांडेल आणि भांडावंही. पण कारण म्हणून दिलेलं विधान चौकटीपेक्षा मोठं आहे. ते कुठल्याही कर्त्याला लागू पडतं, मग तो धनुष्य उचलणारा असो की थ्रॉटल लोटणारा.

पुढे काय, यावर मात्र भाष्यकारांत जुंपली. सगळं कर्म सदोष असेल तर ज्ञान झालेल्याने ते सोडावं आणि कर्माचा संपूर्ण त्याग आत्मज्ञान्यालाच शक्य आहे, अशी शंकराचार्यांची दिशा. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये छापल्या गेलेल्या ‘गीतारहस्या’त ती ठामपणे नाकारली. कर्म सुटत नाही. पाहायचं ते करणाऱ्याची बुद्धी. इंजिन बंद करून तरंगणाऱ्या बोटीला घसरण शून्य असते, हे दाखवून टिळकांच्या बाजूने सहज टाळी मिळवता येईल. ती आचार्यांवर अन्यायाची होईल, कारण ते आळसाची भलामण करत नव्हते. पोहोचायचं ठिकाण गतीने गाठण्यासारखंच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याला तळ्याच्या पलीकडच्या काठाला जायचं आहे, त्याला मात्र टिळकच जवळचे वाटणार.

सदोष तर सगळंच, असं म्हणून सुटकाही होत नाही. दोषादोषांत फरक असतो आणि तो ओळखायला नौकाबांधणीला बरीच किंमत मोजावी लागली. चार्ल्स पार्सन्सने १८९४ मध्ये वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ‘टर्बिनिया’ पाण्यात उतरवली. इंजिनाला ताकद भरपूर, पण वेग वीस नॉटच्या वर चढेना. पंखा इतक्या जोराने फिरत होता की पात्याच्या पाठीवरचा दाब कोसळून थंड पाणीच उकळत होतं. बुडबुड्यांच्या पोकळीत पातं नुसतं गरगरत होतं. याला कॅव्हिटेशन म्हणतात. ते बुडबुडे पुढे फुटतात तेव्हा धातूला खड्डे पाडतात, तो तोटा आणखी वेगळा. पार्सन्सने छोट्या हौदात पंखे फिरवून हा प्रकार डोळ्यांनी पाहिला, मग एका शाफ्टच्या जागी तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन पंखे बसवून भार वाटून टाकला. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवी नौदल संचलनात ‘टर्बिनिया’ चौतीस नॉटने युद्धनौकांच्या रांगांमधून पळाली. ज्या घसरणीतून रेटा मिळतो ती आणि ज्या पोकळीत रेटाच विरतो ती, दोन्ही तूटच. पहिली पत्करायची असते, दुसरी टाळायची असते.

त्या अठरा फुटी बोटीकडे परत येऊ, कारण खरी निवड तिथे आहे. एकोणीसच्या जागी एकवीस पिचचा पंखा लावला तर दर इंचाला दीडशे ते दोनशे फेरे घटतात, म्हणजे इंजिन साडेपाच हजारांच्या आसपास येईल. एकट्या माणसाला कदाचित वेग थोडा जास्त मिळेल. पण चार माणसं, भरलेली टाकी, बर्फाची पेटी असा बारदाना चढला की तेच इंजिन पाच हजारांखाली दबतं. बोटीची नाळ वर आणि बूड खाली, अशा अवस्थेत ती पाण्यावर उचलायला वेळ घेते आणि इंजिन कण्हत राहतं. कण्हणारं इंजिन फेरे कमी करतं म्हणून त्याला आराम मिळतो असा समज आहे, तो उलटा आहे. सिलिंडरवरचा ताण तिथेच सर्वांत जास्त असतो. सतराचा पंखा लावला तर बोट झटकन उचलते, पण रिकामी असताना इंजिन फेऱ्यांची मर्यादा ओलांडू पाहतं आणि लिमिटर त्याचा गळा धरतो. मालवण-तारकर्लीला पर्यटक नेणाऱ्या आउटबोर्डच्या होड्यांनाही हाच पेच पडतो: जाताना भरलेल्या, येताना कधी रिकाम्या.

जैन तत्त्वज्ञांनी कुठलंही विधान द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव या चार अपेक्षांवाचून पुरं मानलं नाही. एक गोष्ट एका दृष्टीने आहे, दुसऱ्या दृष्टीने नाही. ‘स्यात्’ लावल्याशिवाय बोलू नये. सभा-संमेलनांत ही शिकवण सहिष्णुतेचा गोड उपदेश म्हणून ऐकवली जाते, तेव्हा तिची धार जाते. पंख्याजवळ ती धार दिसते. द्रव्य पाहा: स्टेनलेस स्टीलचं पातं पातळ ठेवता येतं आणि जोराखाली कमी वाकतं, ॲल्युमिनियमचं स्वस्त असतं आणि खडकाला लागलं तर स्वतः वाकून मोकळं होतं. क्षेत्र पाहा: कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरचं लेक टाहो सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे, तिथल्या विरळ हवेत साध्या इंजिनाची ताकद सहाव्या हिश्श्याने तरी घटते, म्हणून समुद्रकाठी जुळलेला पंखा तिथे जड जातो. काळ म्हणजे उन्हाळ्याची दुपार आणि थंडीची सकाळ. गार, दाट हवेत तेच इंजिन जास्त जोर देतं. भाव म्हणजे त्या क्षणीची अवस्था: नाळ किती उचलली आहे, वजन कुठे बसलं आहे. ‘सगळ्यात चांगला पंखा कोणता?’ हा प्रश्न दुकानात रोज विचारला जातो. जाणता दुकानदार त्यावर चार प्रश्न उलट विचारतो.

आणि तरी इथे सगळंच सापेक्ष नाही, हे महत्त्वाचं. टॅकोमीटर खोटं बोलू देत नाही. नेहमीच्या वजनाला, पूर्ण थ्रॉटलवर, फेरे मर्यादेच्या वरच्या भागात येतात की नाही, एवढं पाण्यावरच कळतं. जैनांची ही शिकवण, म्हणजे अनेकान्त, ‘काहीही चालेल’ असं सांगते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा ही चाचणी पाहावी.

ती करायची कशी, तेही सांगण्याजोगं आहे. आधी किल्ली काढून घ्यायची, गिअर न्यूट्रलला. पंख्याच्या नटाची कॉटर पिन सरळ करून ओढायची, नट सोडायचा, पंखा मागे घ्यायचा. शाफ्टवरचा थ्रस्ट वॉशर कधी ग्रीसने तिथेच चिकटून राहतो, कधी पंख्याच्या पोटात अडकून बाहेर येतो आणि नकळत पाण्यात पडतो. तो न घालता दुसरा पंखा चढवला तर तुंबा थेट गिअरकेसवर घासत राहतो. दातेरी शाफ्टला ग्रीस लावायचं. खाऱ्या पाण्यात ते विसरलं तर पुढच्या वेळी पंखा हातोड्यालाही दाद देत नाही. मग तोच पल्ला, तेच वजन, दोन्ही दिशांनी, म्हणजे वारा आणि प्रवाह एकमेकांत फिटतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इंजिन फळीवर ज्या भोकांतून बसतं ती पाऊण-पाऊण इंचावर असतात. एक भोक वर उचललं की खालच्या गिअरकेसचा पाण्यातला अडथळा घटतो, वेग वाढतो. आणखी उचललं की वळणावर पंखा हवा ओढतो आणि पकड सुटते. त्याहून वर नेलं तर थंड पाणी आत घेणाऱ्या जाळ्याच उघड्या पडतात आणि पाण्याच्या दाबाचा काटा खाली येतो. तो काटा नसेल तर इंजिन तापूनच कळेल. दर पायरीला काही मिळतं, काही जातं. काय गेलं ते लिहून ठेवणारा माणूस विरळा; मिळालेला आकडा सगळ्यांच्या तोंडपाठ असतो.

वेगाची हाव मोजणारं एक सूत्रही नौकाबांधणीत आहे, जॉर्ज क्राउच या अमेरिकी आरेखकाच्या नावाचं. पाण्यावर उचलून पळणाऱ्या बोटीचा वेग साधारणपणे ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने वाढतो. वजन तेच ठेवून वेग दुप्पट हवा असेल तर ताकद चौपट लागते. दीडशेचं तीनशे केलं, म्हणजे पैसा आणि पेट्रोल दुप्पट ओतलं, तर एकोणऐंशीचे फार तर एकशे बारा होतील. मोठ्या इंजिनाचं वजन धरलं तर तेवढेही नाहीत. शिवाय त्या वेगाला व्ही आकाराच्या तळाची बोट कधीकधी डावी-उजवी डोलू लागते आणि डोलणं सावरणारा हात चुकला की उलटते. अमेरिकेत वीस फुटांखालच्या बोटींवर किती अश्वशक्ती लावावी याची पाटीच असते. नेहमीच्या बोटीसाठी तिचा हिशेब असा: लांबी आणि मागच्या फळीची रुंदी, फुटांत, यांचा गुणाकार करून दुप्पट करायची आणि नव्वद वजा करायचे. सतरा फूट गुणिले सात फूट, उत्तर १४८, पाटीवर १५०. तृष्णेला अंत नाही हे ऋषी सांगत आले. तिला पाटी लावण्याचं काम तटरक्षक दलाच्या कारकुनांनी केलं.

इथवरचा तोटा कर्त्याचा स्वतःचा आहे: त्याचं पेट्रोल, त्याचं इंजिन, फार तर त्याची मान. गीतेतल्या धुराचा दाखला इथपर्यंत पुरतो. पुढे तो अपुरा पडतो, कारण तूट दुसऱ्याच्या अंगावर जाऊ लागते.

फ्लोरिडाच्या उथळ खाड्यांत मॅनटी नावाचा मंद, गवत खाणारा सस्तन प्राणी राहतो. त्याच्या पाठीवर बोटींच्या पंख्यांचे समांतर काप इतके नेहमीचे आहेत की संशोधक त्या व्रणांच्या छायाचित्रांवरून एकेक प्राणी ओळखतात आणि त्यांच्या नोंदी ठेवतात. आणि मुंबईत, १८ डिसेंबर २०२४ च्या दुपारी, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान नौका आदळली. बोटीत शंभराहून अधिक माणसं होती. पंधरा जीव गेले. इंजिनाची चाचणी चालू असताना नियंत्रण सुटलं, असं नौदलाने सांगितलं. दोष कुणाचा हे ठरवणं चौकशीचं काम आहे. या लेखाच्या कामाचं एवढंच की ज्यांना त्या चाचणीशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांनी तिची किंमत दिली.

अशा वेळी ‘सगळेच आरंभ सदोष’ हे वाक्य उच्चारणं अश्लील वाटतं. वाक्य खोटं झालेलं नसतं, पण ते ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न इथे कुणी विचारलेला नसतो. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या आहे, प्राणाला इजा होणं एवढ्यावर ती थांबत नाही. प्रमादाने, म्हणजे बेसावध किंवा विकारांच्या अधीन झालेल्या कृतीने, प्राणाला इजा होणं म्हणजे हिंसा. त्या एका अटीने दोष आणि अपराध वेगळे होतात. पाणी मागे सरकणं हा दोष. पंखा कितीही जुळवला तरी तो राहणार. उथळ खाडीत मॅनटीसाठी मंद गतीची पाटी दिसत असताना थ्रॉटल न सोडणं हा प्रमाद, आणि तो पंख्याच्या कुठल्याही पिचमध्ये येत नाही.

ही रेषा आखणं सोपं नाही, हेही खरं. स्पर्धेसाठी इंजिन दोन भोकं वर चढवलेली बोट सरळ पाण्यावर निर्दोष चालते. तीच बोट मुलांनी भरलेली असताना वळणावर पकड सोडते. निवड करताना माणूस सावध होता, वापरताना तो वेगळ्या क्षेत्रात आणि वेगळ्या काळात शिरला. मग प्रमाद कुठे घडला, गॅरेजमध्ये की वळणावर? गॅरेजमध्येच, असं म्हणण्याकडे या लेखाचा कल आहे. पंखा निवडताना माणूस आपण कसे वागू याचं भाकीतही करत असतो, आणि स्वतःबद्दलचं भाकीत तो नेहमी रिकाम्या बोटीत बसून करतो. म्हणून बोट कुटुंबासाठी असेल तर एकोणीसपेक्षा सतराचा विचार करावा, इंजिन एक भोक खाली ठेवावं आणि ताशी चार-पाच किलोमीटर सोडून द्यावेत, असं अनुभवी कारागीर सुचवतात. ऐकणारे कमीच.

अमेरिकेच्या संघराज्याने १ एप्रिल २०२१ पासून सव्वीस फुटांखालच्या आणि तीन किंवा अधिक अश्वशक्तीच्या बोटींपुरता एक नियम केला: बोट पाण्यावर उचलून पळत असताना इंजिन बंद करणाऱ्या स्विचची दोरी किंवा तिचा बिनतारी पर्याय चालवणाऱ्याच्या अंगाला जोडलेला हवा. माणूस फेकला गेला की इंजिन थांबतं आणि रिकामी बोट गोल फिरत त्याच्याच अंगावर येत नाही. दोरीची क्लिप स्विचला लावलेली असली की इंजिन सुरू होतं. दुसरं टोक अंगाला आहे की डॅशबोर्डवर लोंबतंय, हे त्या साध्या दोरीच्या स्विचला कळत नाही.